मिलिंदच्या अंदाजात मी नव्हते

मिलिंद, तुला जाऊन तीन आठवडे झाले आणि चौथ्या आठवड्याच्या सोमवारी शिरीष सरांनी तुझा ‘अंदाज’ काढून टाकायचं ठरवलं. ते काही वाईट बोलले नाहीत. मीटिंग संपताना पाणी प्यायले, ग्लास खाली ठेवला आणि म्हणाले की मिलिंदचं ते एक्स्टेन्शन वर्षभर चुकीच्या तारखा दाखवतंय, आता बनवणाराच नाही तर दुरुस्त कोण करणार, पुढच्या सोमवारपासून सगळ्यांनी आपापल्या ब्राउझरमधून काढून टाका. सगळ्यांनी माना हलवल्या. मीही हलवली. जागेवर येऊन बसले तेव्हा मला तुझा राग आला. माणूस गेल्यावर त्याचा इतका राग येऊ शकतो हे मला माहीत नव्हतं. दुसऱ्या कुणाला नीट शिकवून ठेवायला काय झालं होतं तुला?

तू कधी जन्मलास, कुठे शिकलास, मागे कोण कोण आहे, हे सगळं पुण्यानुमोदनाच्या पत्रिकेत छापून आलं होतं. ते इथे पुन्हा लिहीत नाही. रविवारी सकाळी छातीत कळ आली, शेजाऱ्यांनी टॅक्सीत बसवलं आणि दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं, एवढं मला सांगण्यात आलं. मला त्यापेक्षा तुझ्या त्या एक्स्टेन्शनबद्दल जास्त विचारायचं होतं. हे ऐकून तू खूश झाला असतास.

मी सरांच्या केबिनमध्ये गेले आणि म्हटलं, मला सोमवारपर्यंत वेळ द्या, ते का चुकतं ते मी शोधते. सर म्हणाले, तू टेस्टर आहेस, तुला त्याचा कोड कळेल का? मी म्हटलं, लिहिता येणार नाही कदाचित, पण दुसऱ्याच्या चुका शोधणं हेच माझं काम आहे. ते हसले आणि हो म्हणाले. तू असतास तर म्हणाला असतास, या बाईला चुका शोधायला कारण लागत नाही.

तुला आठवतं, पहिल्यांदा तू मला अंदाज दाखवलास तेव्हा मला लोअर परळच्या आपल्या ऑफिसात येऊन जेमतेम तीन आठवडे झाले होते. नऊ वर्षं घरी बसून, मुलगी शाळेत रुळल्यावर, अडतिसाव्या वर्षी मी पुन्हा कामाला लागले होते. सहा महिने प्रोबेशन. माझ्याबरोबरच्यांना बटणं जिथे हाताशी सापडायची तिथे मी ती शोधत बसायचे. तुझं टेबल शेजारी. मी दिवसभर एका शब्दाने बोलत नाही हे पाहून तू तुझा स्क्रीन माझ्याकडे वळवलास आणि विचारलंस, ताई, एक गंमत बघणार का? मी म्हटलं, ताई म्हणायचं नाही, मी एवढी मोठी नाही. दुसऱ्या दिवसापासून तू स्मिता म्हणायला लागलास, ते शेवटपर्यंत.

गंमत अशी होती. आपल्याकडे प्रत्येक कामाचं वेबसाइटवर एक कार्ड असतं. काम संपलं की कार्ड बंद होतं आणि तक्त्यावरची रेघ थोडी वर चढते. तो तक्ता फक्त झालेलं सांगतो. पुढे काय, यावर गप्प. तुझं एक्स्टेन्शन ब्राउझरमध्ये टाकलं की त्याच तक्त्यावर आजच्या ठिकाणापासून पुढे एक तुटक रेघ उमटायची आणि तिच्या दोन्ही बाजूंना फिकट निळा पट्टा. पट्टा जिथे सुरू होतो ती सगळं सुरळीत झालं तरची तारीख, जिथे संपतो ती घोळ झाले तरची. मी विचारलं, मग नक्की कोणती? तू म्हणालास, नक्की कोणतीच नाही. मला ते पटलं नाही. मी म्हटलं, आमच्याकडे लग्नाची पत्रिका छापतात तेव्हा एकच तारीख घालतात.

दुसऱ्या दिवशी जेवण झाल्यावर तू तुझा रिकामा डबा पुसलास आणि त्यात कागदाच्या साठेक चिठ्ठ्या टाकल्यास. प्रत्येक चिठ्ठीवर एक आकडा. एका माणसाने एका आठवड्यात किती कार्डं संपवली तो आकडा. गेल्या बारा आठवड्यांच्या चिठ्ठ्या. तू म्हणालास, साठ कार्डं उरलीत आणि आपण सहा जण आहोत, तेव्हा सहा चिठ्ठ्या काढ, बेरीज कर, तो झाला एक आठवडा. परत टाक, हलव, पुन्हा सहा काढ. साठ होईपर्यंत. मला वाटलं हाऊजी खेळतोय. पहिल्यांदा मला पाच आठवडे लागले. दुसऱ्यांदा चार. तिसऱ्यांदा सहा, कारण शून्याच्या चिठ्ठ्या लागोपाठ आल्या. मी अकरा वेळा काढल्या, जेवणाची सुट्टी संपली तरी काढत होते, आणि हातांना तुझ्या डब्यातल्या सुकटीच्या चटणीचा वास लागला होता. तू म्हणालास, हेच माझं एक्स्टेन्शन हजार वेळा करतं, चिठ्ठ्या न काढता. त्या दिवशी, नऊ वर्षांनी, मला एखादी गोष्ट पुन्हा करून बघाविशी वाटली. त्याबद्दल तुझे आभार मानायचे राहिले.

त्या डब्यात माझ्या तीन आठवड्यांच्या तीन चिठ्ठ्या होत्या का, हे विचारायचं मला सुचलं नाही.

आपलं भांडण सुरू झालं ते गणपतीत. लालबागमध्ये त्या दिवसांत आमच्या गल्लीतून बाहेर पडायला अर्धा तास लागतो हे मी तुला सांगितलं होतं. ऑफिसातले दोघे कोकणात गेलेले, जे उरले त्यांचं लक्ष कामात नाही. तुझी सोडून त्या आठवड्याच्या सगळ्या चिठ्ठ्या शून्य आणि एक. तुटक रेघ लांब गेली. मी म्हटलं, हा आठवडा वगळ, गणपती काय दर महिन्याला येतात? तू ऐकायला तयार नव्हतास. आठवडा तो आठवडा म्हणालास. मी जास्तच मागे लागल्यावर तू चष्मा काढून टेबलावर ठेवलास. तो काढलास की तू खरं बोलणार हे मला तोवर कळलं होतं.

“स्मिता, नको असलेली चिठ्ठी काढून टाकली की तो अंदाज राहत नाही. नवस होतो.”

मी म्हटलं, लालबागच्या बाईला नवसाचं सांगू नकोस. तू हसलास. मी हसले नाही, कारण तू बरोबर होतास आणि मला ते त्याच वेळी कळलं होतं. पुढे कित्येक दिवस मी घरी, बाजारात, मुलीच्या परीक्षेच्या वेळीसुद्धा तुझं वाक्य वापरलं. मुलगी म्हणाली होती, आई, गणिताचा एक पेपर वाईट गेला तो सोडून बघ ना. मी तिला म्हटलं, मग तो नवस झाला. तिला काहीच कळलं नाही.

त्यानंतरचं मला लिहायला जड जातंय. त्या कामाची मुदत जवळ आली होती. तुझ्या निळ्या पट्ट्याचं दुसरं टोक मुदतीच्या आत होतं, म्हणजे घोळ झाले तरी आपण वेळेत होतो. सरांनी तेच ग्राहकाला कळवलं. आणि आपल्याला तीन आठवडे उशीर झाला. मीटिंगमध्ये सर शांत होते, बाकीचे खाली बघत होते, बोलले फक्त मी. म्हटलं, याचा अंदाज आईला बरं वाटावं म्हणून बोलणाऱ्या पोरासारखा आहे, सगळं ठीक आहे म्हणतो आणि ऐन वेळी तोंडघशी पाडतो. अजूनही काहीबाही बोलले. तू चष्मा काढला नाहीस. म्हणालास, “माझं चुकलं सर. हिशेबात एक गोष्ट धरायची राहिली.” कोणती, हे कुणी विचारलं नाही. मी तर नाहीच. मला जिंकल्यासारखं वाटत होतं.

पुढच्या महिन्यात माझं प्रोबेशन संपलं आणि मी कायम झाले. मी पेढे आणले. तू दोन खाल्लेस आणि आणखी एक आईला म्हणून रुमालात बांधलास. त्या दिवशी घरी गेल्यावर मी सासूबाईंना सांगितलं की नऊ वर्षं घरी बसलेली बाई कुणाची मेहेरबानी न घेता पुन्हा उभी राहिली. सासूबाई मालवणकडच्या, तोंडावर कौतुक करायची त्यांना सवय नाही. त्या म्हणाल्या, “तां खरां गो, पण आता चपाती करूक घे.” मी चपात्या करताना गुणगुणत होते. माझ्या त्या वाक्यावर मी पुढची दोन वर्षं काढली. कधी ऑफिसात कुणी वाकडं बोललं, कधी माझीच चूक निघाली, तर मी ते मनात म्हणायचे. कुणाची मेहेरबानी न घेता.

आता तुझ्या शेवटच्या वर्षाचं. अंदाज उलट्या बाजूने चुकायला लागला. तो म्हणायचा महिनाअखेर, आपण आठवडाभर आधी मोकळे. लवकर काम झालं म्हणून कोण तक्रार करणार? पण सर हसायला लागले होते. मिलिंदचा अंदाज आणि हवामान खातं, असं एकदा म्हणाले. तू खरंच गोंधळला होतास. जेवताना तोच विषय. कुठेतरी पाणी मुरतंय, म्हणायचास, आणि पोळीचा तुकडा हातातच राहायचा. मी म्हणायचे, असू दे रे, थोडं घाबरवलेलं बरं असतं. तुला ते लागत होतं, आणि मी समजून घेतलं नाही.

शनिवारी दुपारी मुलगी क्लासला गेल्यावर मी स्वयंपाकघरातल्या टेबलावर लॅपटॉप उघडला आणि तुझा कोड वाचायला बसले. मला वाटलं होतं काही कळणार नाही. पण तू जागोजागी टिपा लिहून ठेवल्या होत्यास, इंग्रजी अक्षरांत मराठी. ‘इथे हात लावू नये, का चालतं ते मलाही माहीत नाही.’ ‘शुक्रवारी सगळे एकदम कार्डं बंद करतात, म्हणून दिवस नको, आठवडा धरावा.’ हे वाचून मी मोठ्याने हसले. खरंच आपण सगळे तसेच. आठवडाभर काम करायचं, कार्डाला हात लावायचा नाही, आणि शुक्रवारी संध्याकाळी पर्स खांद्याला लावून सटासट बंद करत सुटायचं. तू ते टिपून ठेवलं होतंस आणि कधी कुणाला टोकलं नाहीस.

मग ती ओळ आली. चिठ्ठ्या गोळा करण्याच्या आधी एक यादी होती, कोणाच्या चिठ्ठ्या डब्यात टाकायच्या नाहीत त्यांची. यादीत एकच नाव. माझं. शेजारी तुझी टीप: ‘सध्या नको. नंतर घ्यायची.’

आधी मला वाटलं मी चुकीचं वाचतेय. मग तारीख पाहिली. मी कामाला लागल्याच्या दुसऱ्या महिन्यातली. म्हणजे मी हळू काम करत होते तेव्हा माझ्या शून्याच्या आणि एकाच्या चिठ्ठ्या डब्यात कधी पडल्याच नाहीत. उरलेल्या पाच जणांच्या चिठ्ठ्यांवर सहा जणांचा अंदाज निघत होता, आणि तो उजळ दिसत होता. नवीन बाई आल्यापासून रेघ लांबली असं सरांना दिसू नये, एवढीच तुझी धडपड असणार. सहा महिन्यांत मला घरी पाठवायचं की ठेवायचं हे तेच ठरवणार होते.

मिलिंद, मला आनंद झाला नाही. तुला काय वाटलं असेल, मी डोळे पुसत बसले असेन? मी उठून ओटा घासला. स्वच्छ होता तरी घासला. गणपतीच्या एका आठवड्याच्या चिठ्ठ्या काढ म्हटलं तर चष्मा काढून मला नवसाचं व्याख्यान देणारा तू, आणि तेव्हा महिनाभर आधीच माझ्या सगळ्या चिठ्ठ्या बाहेर काढून बसला होतास. तुझ्या चेहऱ्यावरची एक रेषा हलली नाही. आणि दोन वर्षं मी जे वाक्य मनात म्हणत होते त्याचं काय करायचं? मी पास झाले की तू मला पास केलंस? मला तू मोजायला हवं होतंस. हळू तर हळू, शून्य तर शून्य. मला विचारायचं तरी. मी नाही म्हटलं असतं, म्हणूनच विचारलं नसशील.

आणि विचारायला कुणी नव्हतं. तो कोड तुझ्याशिवाय कुणी उघडलेला नव्हता. त्या ओळीबद्दल जगात एकालाच माहिती होती.

रविवारी सकाळी मी तुझ्या घरी भोईवाड्यात गेले. तुझ्या ड्रॉवरमधल्या वस्तू द्यायच्या होत्या: चष्म्याची जादा डबी, एसीत घालायचा निळा स्वेटर, चार्जर. खरं कारण तुझी आई होती. मला कुणाकडे तरी तुझ्याबद्दल बोलायचं होतं. पुण्यानुमोदनाला पांढऱ्या साडीतल्या बायकांमध्ये त्या बसल्या होत्या तेव्हा मला लांबूनच नमस्कार करता आला होता. आज त्या एकट्या होत्या. त्यांनी स्वेटर मांडीवर घेतला, त्याच्या बाह्या नीट केल्या आणि विचारलं की तो तिथं नक्की करायचा काय.

मी सांगितलं, काम कधी संपेल ते सांगणारी गोष्ट त्याने बनवली होती. त्या ऐकत होत्या. मग म्हणाल्या, “मला पण असंच सांगायचा. म्हटलं, बाबा, मोरीचा नळ कधी दुरुस्त करणार त्येचा अंदाज सांग आधी. दोन वर्सं गळतोय.” आम्ही दोघी हसलो. नळ अजून गळत होता, आतून आवाज येत होता. तुला गॅसचा नंबर लावायचं लक्षात राहत नसे, लाइटचं बिल राहत नसे, औषधाची गोळी तर कधीच नाही, असं त्या एकेक सांगत गेल्या आणि गोळीपाशी येऊन थांबल्या. मी त्यांचा हात धरला. थोड्या वेळाने त्यांनी मला निरखून पाहिलं.

“तूच ती स्मिता व्हय? लई नाव काढायचा तुजं. म्हणायचा, ती सावकाश करती, पण तिनं बघितलेलं परत बघावं लागत नाय.”

हे कधी म्हणाला, असं मी विचारलं. त्यांना नीट आठवेना. तू पेढा आणलास त्याच्याही आधी, एवढं म्हणाल्या. पेढा त्यांच्या लक्षात होता, कारण साखर आहे म्हणून तू त्यांना अर्धाच दिला होतास आणि उरलेला अर्धा स्वतः खाल्लास. म्हणजे त्या दिवशी तू अडीच पेढे खाल्लेस, मिलिंद.

घरी आले आणि दुपारी मला एक गोष्ट सुचली. तुझा अंदाज मागचं बघूनही चालवता येतो. दोन वर्षांपूर्वीची तारीख द्यायची, तेव्हाच्या चिठ्ठ्या टाकायच्या, आणि तो तेव्हा काय म्हणाला असता ते बघायचं. मी यादीतून माझं नाव खोडलं आणि मी कामाला लागल्यानंतरच्या तिसऱ्या महिन्यातली तारीख घातली. बटण दाबायच्या आधी उठून चहा टाकला. मला उत्तर नको होतं आणि बघायचंही होतं. दुसऱ्या कुणाचा तक्ता असता तर मी क्षणभर थांबले नसते.

माझ्या चिठ्ठ्या धरल्यावर निळा पट्टा मुदतीच्या पलीकडे गेला. आणि आपण खरंच ज्या दिवशी काम संपवलं, तीन आठवडे उशिरा, तो दिवस पट्ट्याच्या बरोबर मध्ये पडला. पहिल्याच मोठ्या कामात तुझा अंदाज अचूक ठरला असता. सगळ्या ऑफिससमोर. सरांनी तुझं नाव वर कळवलं असतं. तू ते माझ्यासाठी सोडून दिलंस, आणि वर मीटिंगमध्ये माझीच बोलणी ऐकून घेतलीस. तेव्हा मात्र मी रडले. चहा ओट्यावर तसाच निवला.

माझ्या प्रश्नाचं उत्तर मला अर्धंच मिळालं. मी हळू होते हे खरं. तू झाकलंस हेही खरं. मी तपासलेलं परत बघावं लागत नव्हतं हे तू म्हणत होतास, तेही खरं असावं, कारण आईला खोटं सांगायचं तुला कारण नव्हतं. पण माझ्या चिठ्ठ्या दिसल्या असत्या तर सरांनी मला ठेवलं असतं की नाही, हे तुझा अंदाज हजार वेळा चालवूनही निघणार नाही. ते वाक्य आता मी म्हणत नाही. त्याची गरजही फारशी वाटत नाही.

मग मी आजची तारीख घातली. माझं नाव डब्यात तसंच ठेवून. तुटक रेघ जवळ सरकली, आठ दिवस अलीकडे आली. वर्षभर जी चूक तू शोधत होतास ती मी होते. मधल्या काळात मी भराभर काम करायला लागले होते, माझ्या चिठ्ठ्या चार-चार, पाच-पाचच्या झाल्या होत्या, आणि त्या धरल्या जात नव्हत्या म्हणून रेघ लांब राहत होती. ‘नंतर घ्यायची’ लिहिलंस आणि विसरलास. गॅसच्या नंबरासारखं. की आठवत होतं, पण आता घेतलं तर का घेतलं ते सांगावं लागेल म्हणून राहू दिलंस? हातात पोळीचा तुकडा धरून बसायचास तेव्हा तू शोधत होतास की माझ्याकडे बघून सांगू का नको करत होतास? मी दोन्ही धरून पाहिलं. विसरलास, हे तुला जास्त शोभतं.

एक काम अजून उरलं होतं. डब्यात तुझ्या शेवटच्या आठ आठवड्यांच्या चिठ्ठ्या होत्या. हात न लावता ठेवल्या असत्या तर दर आठवड्याला एक मागे पडत आठ आठवड्यांत आपोआप संपल्या असत्या, आणि कुणाला कळलंही नसतं. मला ते आवडलं असतं. पण आता चिठ्ठ्या काढून पुढच्या तारखा सांगायच्या त्या आता ऑफिसात असलेल्या सहा जणांच्या, आणि तू येणार नाहीस. तुझ्या जागी एक जण आला आहे. चांगला आहे, जेवताना बोलतो. चिठ्ठ्या न धरायच्या त्या यादीत मी तुझं नाव घातलं. मला वाटलं रेघ खूप लांब जाईल, तू गेल्याचे काही दिवस त्यात दिसतील. रेघ जवळजवळ हललीच नाही. निळा पट्टा मात्र दोन्ही बाजूंनी पसरला. मी परत परत करून पाहिलं. दर वेळी तेच.

सोमवारी मीटिंगमध्ये मी तक्ता भिंतीवर लावला आणि सांगितलं की हा चुकत होता कारण यात पहिल्यापासून माझं काम धरलेलं नव्हतं. मी नवीन होते, हळू होते, म्हणून मिलिंदने मला बाजूला ठेवलं. त्या वेळी तीन आठवडे उशीर झाला, तो याने आधीच दाखवला असता. मिलिंदने दाखवू दिला नाही, आणि चूक स्वतःवर घेतली. मी त्याला सर्वांसमोर बोलले होते ते चुकीचं होतं. माझा आवाज नेहमीसारखाच होता असं नंतर सगळे म्हणाले. सर बराच वेळ तक्त्याकडे बघत होते. माझ्याकडे त्यांनी पाहिलं नाही, त्याबद्दल मी त्यांची आभारी आहे. मग त्यांनी विचारलं, रेघ ठीक दिसते, पण हा पट्टा एवढा का पसरलाय?

मी म्हटलं, “मिलिंदच्या चिठ्ठ्या काढल्या म्हणून. आपण सगळे कधी शून्य, कधी सहा. तो दर आठवड्याला तीन. दोन वर्षांत कधी दोन नाही, कधी चार नाही. वेग आपल्याकडे तेवढाच आहे. भरवसा कमी झालाय.”

मग सर म्हणाले की राहू दे ते एक्स्टेन्शन, आणि ग्राहकाला पट्ट्याचं दुसरं टोक कळवा. उठताना मला म्हणाले, त्याचं नाव का काढलं ते तिथे लिहून ठेव, उद्या दुसरं कुणी उघडेल, त्याला कळायला हवं.

जागेवर येऊन मी ती यादी उघडली. आता तिथे तुझं एकट्याचं नाव आहे. शेजारी टीप लिहायला कर्सर लुकलुकत होता. सवयीने ‘सध्या नको’ लिहिलं, खोडलं. ‘आता नाही’ लिहिलं. तेही खोडलं. वारल्याची तारीख लिहावी असं वाटलं, पण ती वाचून कुणाला काय कळणार? उद्या जो कुणी उघडेल त्याला प्रश्न पडेल. मला पडला तसा. मग मी तुझ्यासारखंच, इंग्रजी अक्षरांत मराठी लिहिलं: ‘याच्याबद्दल काहीही विचारायचं असेल तर मला विचारा.’ आणि खाली माझं नाव घातलं.